काट्यापर्यंत आलात, आता चुलीपर्यंत या
(शेतीच्या अर्थशास्त्राचा अभ्यास करणाऱ्यांना एक खुले पत्र)

शेती आणि अन्नाच्या अर्थशास्त्रावर काम करणारे सर्व प्राध्यापक, संशोधक, पीएच.डी.चे विद्यार्थी आणि या अभ्यासांना पैसा पुरवणाऱ्या संस्था यांना,

सविनय नमस्कार.

मी तुमचे फॉर्म भरणारी बाई आहे. अकोला जिल्ह्यात मुर्तिजापूरच्या बाजूला आमचं गाव, घरची पाच एकर कोरडवाहू. गेली नऊ वर्षं शेतीचा हंगाम सांभाळून मी निरनिराळ्या अभ्यासांसाठी सर्वेक्षणाचं काम करते. कपाशीचा उतारा, सोयाबीनचा खर्च, पीक कर्ज, पीक विमा, शेतमाल तारण अशा कितीतरी विषयांच्या प्रश्नावल्या घेऊन मी अकोला, वाशीम, यवतमाळ, अमरावतीची खेडी फिरले. ‘प्राथमिक माहिती प्रत्यक्ष मुलाखतींतून गोळा केली’ असं एक वाक्य तुमच्या प्रबंधांत असतं. त्या वाक्यात मी असते.

मागच्या डिसेंबरात कारंजा तालुक्यात एका घरी बसले होते. ओसरीवर घरधनी उत्तरं देत होते. बियाण्याच्या किती बॅगा, डीएपीची किती पोती, फवारण्या किती, कोणत्या महिन्यात कोणाला माल विकला, काय भावाने. दोन तास झाले. त्यांची बायको दाराशी बसून तुरीचे सोले काढत होती. मी कागद आवरायला घेतले तशी ती म्हणाली, “सगळं इचारलं वं बाई तुनं. आमच्या घरी जेवाले काय रायते, ते नाई इचारत?”

मी अठ्ठावीस पानं पुन्हा चाळली. एकच ओळ सापडली. ‘घरगुती वापरासाठी ठेवलेला शेतमाल, क्विंटलमध्ये.’ घरधन्यांनी सांगितल्याप्रमाणे मी तिथे तूर एक क्विंटल असं लिहिलं होतं. तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “ठेवली होती. फागुनात इकली ना, पोराची फी भराले. आखाडात दुकानातून दाय आणली.”

घरधनी खोटं बोलले नव्हते. रास झाली तेव्हा एक क्विंटल बाजूला काढलीच होती. पण त्या फॉर्मच्या हिशेबाने हे घर वर्षभर स्वतःच्या शेतातलं वरण खात होतं, आणि प्रत्यक्षात आषाढापासून त्यांची डाळ किराणा दुकानाच्या उधारीवर होती. आमच्या भागातली तूर अकोल्याच्या डाळ मिलमध्ये जाते, पॉलिश होऊन पोत्यात भरते आणि गावच्या दुकानात परत येते. विकताना भाव अडत्याने सांगायचा, घेताना दुकानदाराने. ही दोन टोकं एकाच घरात येऊन मिळतात आणि त्या दोन भावांमधलं अंतर त्या घराच्या ताटातून कमी होतं. तुमच्या टेबलात यातलं काहीच उतरत नाही. हे पत्र मी त्या एका क्विंटल तुरीसाठी लिहिते आहे.

तुम्ही आमच्याकडे येत नाही, अशी माझी तक्रार मुळीच नाही. उलट या बाबतीत आमच्या तालुक्याइतका नशीबवान तालुका क्वचित असेल. हैदराबादजवळच्या पाटणचेरू इथे इक्रिसॅट ही शेती संशोधनाची आंतरराष्ट्रीय संस्था १९७२ साली उभी राहिली आणि १९७५ पासून तिने कोरडवाहू मुलखातली सहा गावं निवडून घराघरांचा हिशेब ठेवायला सुरुवात केली. दोन गावं महबूबनगर जिल्ह्यातली, दोन सोलापूरची, आणि दोन आमची, कंझरा आणि किनखेडा. प्रत्येक गावात चाळीस घरं. त्यात भूमिहीन मजुरांचीही घरं होती, नुसते सातबारावाले नव्हते. माहिती घेणारा माणूस गावातच राहायचा. दर काही आठवड्यांनी त्याच घरी जायचा, आणि वर्षानुवर्षं जात राहिला. पहिली दहा वर्षं असं चाललं. मग खंड पडला आणि २००१ नंतर पुन्हा सुरू झालं. 

त्या वह्यांमध्ये पिकाबरोबर घरात काय आलं, काय खाल्लं गेलं, काय विकत आणलं हेही होतं. म्हणून तर रॉबर्ट टाउनसेंड या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाला १९९४ साली त्यावर एक मोठा निबंध लिहिता आला. त्याने तीन गावं घेतली, त्यात आमचं कंझरा होतं. त्याचा प्रश्न साधा होता. एखाद्या घराचं पीक बुडालं, कोणी आजारी पडलं, मजुरी मिळाली नाही, तर त्या वर्षी त्या घराचं खाणं-पिणं तेवढंच खाली येतं का? उत्तर आलं की फारसं येत नाही. घराचा खर्च स्वतःच्या कमाईपेक्षा गावाच्या सरासरीबरोबर वर-खाली होतो. म्हणजे उसनंपासनं, नातीगोती, उधारी, सोयरिक या सगळ्यांतून गाव एकमेकांना धरून ठेवतं. तीनपैकी एका गावात मात्र भूमिहीनांना हा आधार कमी मिळत होता. पुढे १९९७ मध्ये मार्टिन रॅव्हेलियन आणि शुभम चौधरी यांनी याच आकड्यांवर आक्षेप घेतला. घरातला वापर ज्या रीतीने काढला ती रीतच सदोष आहे आणि कमाईचा परिणाम दिसतो त्याहून मोठा आहे, असं त्यांचं म्हणणं. 

हे मला कळलं तेव्हा छाती भरून आली होती. आमच्या शेजारच्या गावातल्या बायाबापड्यांनी काय शिजवलं, यावरून जगातले अर्थशास्त्रज्ञ वाद घालत होते! आणि वाद कशावर, तर खाणं मोजायचं कसं यावर. म्हणजे ज्या पानाला आज तुमच्या प्रश्नावलीत जागा नाही, तेच पान तुमच्या शास्त्राच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचं ठरलेलं आहे. मग ते गळलं का?

मला वाटतं, सवयीने गळलं. वऱ्हाडाकडे बघायची एक जुनी सवय आहे. १८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि साहेबाचं लक्ष वऱ्हाडाकडे वळलं. १८७० साली खामगावला खास कापसासाठी रेल्वेचा फाटा आला. धाग्याची लांबी, गाठींचं वजन, बंदरापर्यंतचं भाडं सगळं बारकाईने मोजलं गेलं. आणि १८९९-१९०० च्या दुष्काळात याच कापसाच्या मुलखात माणसं किड्यामुंगीसारखी मेली. मोजणी तेव्हाही वजनकाट्यापाशी थांबत होती. 

आता बायकांच्या कामाबद्दल बोलते, कारण त्यात मीही दोषी आहे. 

‘उत्तरदात्याच्या पत्नीचा व्यवसाय’ या चौकटीत मी शेकडो वेळा ‘गृहिणी’ लिहिलं आहे. त्या बाया त्या वेळी वावरात होत्या, कपाशी वेचत होत्या. घरी असलेल्या पुरुषाने ‘घरीच असते’ म्हटलं आणि मी लिहून घेतलं. का? तर मला एका फॉर्ममागे पैसे मिळतात. दिवसाला चार फॉर्म झाले तर रोजी निघते. बाई वावरातून यायची वाट पाहिली तर दोनच होतात. तुम्ही पाचशे घरांचा नमुना ठरवता, पैसे मात्र जेमतेम दोनशे घरांना पुरतील एवढे ठेवता, आणि मधली सगळी घाई बाईच्या उत्तरावर निघते.

एकदा मुद्दाम थांबले. नवऱ्याला विचारलं, “यंदा निंदणाला आणि वेचणीला घरच्या बाईचे दिवस किती?” तो म्हणाला, “असतील दहा-बारा.” ती संध्याकाळी आली. तिलाही तोच प्रश्न विचारला तर तिलाही नीट सांगता येईना. मग मी प्रश्न बदलला. नागपंचमीच्या आधी किती दिवस गेली? पोळ्यापर्यंत किती? महालक्ष्म्यांच्या आधी सोयाबीनमध्ये होतीस का? घट बसले तेव्हा काय चाललं होतं? दसऱ्याला सोंगणी झाली होती की बाकी होती? कोजागिरीनंतर पहिली वेचणी केव्हा, त्या वेचणीची पूजा, म्हणजे सीतादही, कोणत्या दिवशी केली? ती बोटांवर मोजत गेली आणि आकडा सत्तेचाळीसवर गेला. कापसाची शेवटची वेचणी तर अजून व्हायची होती. 

बारा आणि सत्तेचाळीस. हा फरक किरकोळ नाही हे तुम्हाला मी काय सांगावं! कृषी मूल्य आयोगाच्या भाषेत ‘ए-२’ म्हणजे खिशातून गेलेला खर्च. त्यात घरच्या माणसांच्या कष्टाचा अंदाजे मोबदला मिळवला की ‘ए-२ अधिक एफएल’. त्यावर स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचं व्याज धरलं की ‘सी-२’. २०१८ पासून केंद्र सरकार दीडपट हमीभाव जाहीर करतं तो ए-२ अधिक एफएलवर, आणि शेतकरी संघटना सी-२ वर मागतात. पंधरा वर्षांहून जास्त काळ या अक्षरांवरून मोर्चे निघताहेत. त्यातल्या ‘एफएल’ या दोन अक्षरांत आमच्या आयाबहिणींचं निंदण आणि वेचणी आहे. सरकारी लागवड खर्च योजनेत निदान वर्षभर नोंदी ठेवण्याची पद्धत आहे. पण एका भेटीत उरकलेल्या अभ्यासातही ‘विदर्भातील कपाशीचा उत्पादन खर्च’ असाच मथळा असतो आणि तो आकडाही पुढे कोणीतरी कुठेतरी वापरतोच.

त्यातही काही प्रश्नावल्यांच्या सूचनांमध्ये मी वाचलं आहे की स्त्रीचा एक दिवस पुरुषाच्या दोन तृतीयांश दिवसाएवढा धरावा. वेचणीच्या दिवसांत एकदा आमच्याकडे या. संध्याकाळी काट्यावर कोणाचं गाठोडं जास्त भरतं ते डोळ्यांनी बघा, आणि मग ती सूचना ठेवायची की नाही ते ठरवा. 

आणि वावरातून घरी आल्यावरचं काम तर कुठेच धरलेलं नाही. २०१९ मध्ये देशात पहिल्यांदा वेळेच्या वापराची मोठी पाहणी झाली. घरातल्या बिनमोलाच्या कामात सहभागी बाईचे दिवसाला २९९ मिनिटं जातात आणि पुरुषाचे ९७, असं त्यात निघालं. जवळजवळ पाच तास. शेती परवडते की नाही याच्या गणितात हे पाच तास घ्यायचे कुठे, हा प्रश्न तुमच्या शास्त्रासाठी अवघड असेल, पण म्हणूनच तो संशोधनाचा आहे.

ज्वारीकडे वळते. आमच्या लहानपणी खरिपात ज्वारी होती, आता नजर जाईल तिथवर सोयाबीन आहे. यावर बरेच अभ्यास झाले आणि बहुतेकांत एकरी निव्वळ नफ्याची तुलना असते. ज्वारी हरते. माझ्या वडिलांनीही हाच हिशेब करून ज्वारी सोडली आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. रोह्यांचे, म्हणजे नीलगायींचे, कळप आणि डुकरं कणसं भरायच्या आत वावर साफ करतात, पाखरं राखायला माणूस नाही, सोंगायला मजूर मिळत नाही. भाकरी थापायला वेळ लागतो आणि सुनांना सकाळी सातला वावर गाठायचं असतं. सोयाबीन तीन-साडेतीन महिन्यांत निघतं, दिवाळीला हातात पैसा येतो. जुन्या ज्वारीची आरती ओवाळणारे लेख मलाही आवडत नाहीत. ती आरती सहसा दोन वेळ भाकरी थापावी न लागणारी माणसं ओवाळतात.

पण तुलना तरी पुरी करा! घरी खाल्लेली ज्वारी तुम्ही कोणत्या भावाने धरता? हंगामातल्या बाजार समितीच्या भावाने. ती घरी नसती तर त्या घराला धान्य आणावं लागलं असतं दुकानातून, किरकोळ भावाने, पावसाळ्यात, बहुतेक वेळा उधारीवर. म्हणजे त्या घराला ज्वारीचं खरं मोल दुकानातल्या भावाएवढं होतं. कडबा कोणत्या भावाने धरता? बऱ्याच फॉर्ममध्ये कडब्याला ‘उपउत्पादन’ अशी एक ओळ असते आणि शेतकरी ‘काही नाही, घरच्या बैलांना घातला’ म्हणतो, तिथे शून्य पडतो. ज्वारी गेली तसा कडबा गेला. सोयाबीनचं कुटार जनावर कडब्यासारखं खात नाही. मग बैलजोडी विकली, ट्रॅक्टरच्या भाड्याची ओळ खर्चात वाढली आणि दुधाचं पाकीट किराण्यात आलं. या चार गोष्टी चार वेगळ्या अभ्यासांत येतात. घरात त्या एकाच वर्षात, एकामागून एक घडल्या. 

आणखी एक पीक तुमच्या चौकटींतून पूर्ण निसटलं आहे. कपाशीत बाया दोन-चार तासं, म्हणजे ओळी, आपल्या मर्जीने पेरायच्या. अंबाडी, बरबटी, तीळ, मूग, उडीद, धुऱ्यावर वाल आणि काकड्या. हे बियाणं विकत आणलेलं नसायचं, मडक्यात राखेत घालून ठेवलेलं असायचं. हा माल बाजारात जात नव्हता म्हणून त्याचा भाव नाही, भाव नाही म्हणून उत्पन्न नाही, आणि उत्पन्न नाही म्हणून फॉर्ममध्ये ओळ नाही. ‘मुख्य पीक’ आणि ‘आंतरपीक’ एवढंच विचारतात आणि घरधनी सांगतो, “कपाशी, आंतरपीक तूर.” सोयाबीन सलग पेरलं जाऊ लागलं, तणनाशक आलं, आणि ही तासं मेली. तणनाशकाने मजुरी किती वाचली याचे आकडे मी स्वतः गोळा करून दिले आहेत. किती भाजी गेली, हे मला आजवर एकाही अभ्यासाने विचारायला सांगितलं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं. या दोन गोष्टींचा संबंध आहे, असं मी छातीठोकपणे सांगत नाही. तो शोधणं तुमचं काम आहे आणि त्यासाठी लागणारी अंबाडीची ओळ फॉर्ममध्ये घालणंही तुमच्याच हातात आहे.

एक विषय तर अक्षरशः दारात पडलेला आहे. २०१५ मध्ये राज्य सरकारने शेतकरी आत्महत्यांचं प्रमाण जास्त असलेल्या चौदा जिल्ह्यांत, म्हणजे मराठवाड्यातले आठ, अमरावती विभागातले पाच आणि वर्धा, केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना दोन रुपये किलोने गहू आणि तीन रुपये किलोने तांदूळ द्यायला सुरुवात केली. माणशी पाच किलो. २०२३ मध्ये धान्य बंद झालं आणि त्याऐवजी सुरुवातीला माणशी महिन्याला दीडशे रुपये बँक खात्यात देण्याचा निर्णय झाला. धान्य द्यावं की रोकड, यावर तुमच्या शास्त्रात जगभर वाद आहे. इथे एका फटक्यात चौदा जिल्ह्यांत तो बदल घडला. गहू तीस रुपये किलो धरला तर दीडशे रुपयांत पाच किलोच येतो. तो पस्तीसला गेला की सव्वाचार किलोच्या आसपास. पण मला खरी उत्सुकता वेगळ्याच गोष्टीची आहे. पोतं घरी आलं की ते बाईच्या ताब्यात असायचं, तिला ते कोणापुढे मागावं लागत नव्हतं. खात्यातले पैसे काढायला तालुक्याला कोण जातं? त्यातले किती धान्याच्या दुकानापर्यंत पोचतात? पैसे दोन-तीन महिन्यांचे एकदम आले तर ते धान्याला जातात की कृषी केंद्राच्या उधारीला? माझ्या ओळखीच्या घरांची उत्तरं मला ठाऊक आहेत, पण दहा-पंधरा घरांवरून बोलणं बरोबर नाही हे तुमच्याकडूनच शिकले. पाचशे घरं घ्या. फॉर्म मी भरून देते.

फक्त वेळ बदला. तुमची माणसं दिवाळीनंतर येतात. तेव्हा सोयाबीन विकलेलं असतं, कापूस घरात असतो, तूर शेंगांवर असते, रस्ते कोरडे असतात. कॉलेजच्या वेळापत्रकात तेच बसतं. त्या दिवसांत कोणत्याही घरी विचारा, जेवायला पुरतं का? “पुरते ना,” असंच म्हणतील. आषाढ-श्रावणात या. पेरणीला सगळा पैसा गेलेला, पाऊस लांबला तर दुबार पेरणीचं बियाणं उधारीवर, निंदणाशिवाय मजुरी नाही, डाळीचा डबा तळाला लागलेला. त्या दिवसांत वरणात पाणी वाढतं आणि बाई शेवटी जेवते. सरकारी उपभोग पाहणीवाल्यांना हे माहीत आहे. ते फेरी वर्षभर पसरवतात आणि २०२२-२३ पासून एकाच घरी एकाऐवजी तीनदा जातात. त्या वर्षी देशाच्या ग्रामीण भागात माणशी मासिक खर्च ३,७७३ रुपये निघाला आणि त्यातला ४६ टक्के अन्नावरचा. एवढ्या मोठ्या देशाच्या पाहणीला तीन भेटी परवडतात, मग तुमच्या दोन तालुक्यांच्या अभ्यासाला डिसेंबरमधली एकच भेट पुरते कशी? ‘गेल्या सात दिवसांत काय खाल्लं’ हा प्रश्न मार्गशीर्षात विचारलात तर उत्तर मार्गशीर्षाचंच मिळणार. 

शेवटचं गाऱ्हाणं जरा वैयक्तिक आहे. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या संस्थेसाठी आम्ही चौघांनी सलग तीन हंगाम बावीस घरांचा हिशेब ठेवला. संस्थेचं नाव घेत नाही. त्या लोकांनी काय नाही सांगितलं! सावकाराचा आकडा सांगितला, मुलीच्या लग्नाचं कर्ज सांगितलं, एका काकूंनी गहाण ठेवलेल्या गळ्यातल्या पोतीचा हिशेब नवरा घरात नसताना माझ्या कानात सांगितला. अभ्यास संपला. निबंध इंग्रजीत एका परदेशी नियतकालिकात आला. मला त्याचा दुवा मिळाला तर तो वाचायलाच डॉलरमध्ये पैसे मागत होता. ती बावीस घरं मला अजून रस्त्यात विचारतात, “त्या कागदाचं काय झालं वं?” माझ्याजवळ उत्तर नाही. कंझऱ्याच्या आकड्यांवरचा तो गाजलेला निबंधही मला मराठीत कुठे वाचायला मिळाला नाही. एका प्राध्यापकांनी तो मला शब्दाशब्दाने समजावला म्हणून वर लिहू शकले. 

याचा तुमच्या शास्त्रालाच तोटा होतो आहे, हे नीट ऐका. जिथे उत्तर कधी परत येत नाही तिथे लोक प्रश्नाचा अर्थ आपापल्या परीने लावतात. फॉर्म म्हणजे अनुदानाची यादी असं वाटलं तर नुकसान वाढवून सांगतात. फॉर्म म्हणजे वसुली असं वाटलं तर जनावरं लपवतात, बटईने केलेली जमीन सांगतच नाहीत. तुम्ही मग संगणकावर विसंगत आकडे गाळत बसता. ती विसंगती आधीच्या कोणीतरी उत्तर न दिल्याची आहे. 

अकोल्याला १९६९ पासून कृषी विद्यापीठ आहे, पंजाबराव देशमुखांच्या नावाचं. देशाचे कृषिमंत्री झालेला हा माणूस अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावचा. आज कृषी अर्थशास्त्र शिकणारी कितीतरी मुलं-मुली अशाच गावांतली आहेत. त्यांना नागपंचमी ते दिवाळीचं कॅलेंडर मी शिकवायला नको, ते त्यांच्या घरात आहे. त्यांना फक्त तुमची परवानगी हवी आहे, की प्रश्न असा विचारला तरी तो शास्त्रात बसतो. ती त्यांना द्या. बाईचं उत्तर बाईकडूनच घ्यायचं, ती रात्री आठनंतर किंवा दुपारी वावरात भाकरीच्या सुट्टीत भेटते, हे प्रस्तावातच लिहा आणि त्या वेळेचे पैसे धरा. नमुना निम्मा झाला तरी चालेल. आणि अभ्यास संपला की दोन पानं मराठीत लिहा, आमच्या ग्रामसभेत वाचून दाखवा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, कोणतीही धरा. लोक चुका काढतील. काढू द्या, कंझऱ्याच्या आकड्यांवरही आक्षेप आलेच होते. 

मी माझ्यापुरती सुरुवात केली आहे. गावातली अकरा घरं, शंभर पानी वही, दर पौर्णिमेला एक चक्कर. घरात कोणतं धान्य किती, डाळ घरची की दुकानची, कोणत्या भावाने, रोख की उधार, भाजी कुठून आली, आणि शेवटी कोण जेवलं. पद्धत कच्ची असेल, तुमच्यापैकी कोणी दुरुस्त करून दिली तर उपकार होतील. वही कोणालाही दाखवायला तयार आहे, घरांची नावं झाकून.

कारंज्याच्या त्या बाईंकडे मी परत जाणार आहे. मुर्तिजापूरहून एसटीने जाऊन संध्याकाळपर्यंत परत येता येतं. तुमच्यापैकी कोणाला सोबत यायचं असेल तर जरूर या. निघताना त्यांना म्हटलं होतं, फॉर्ममध्ये जागा नसली तरी मी लिहून घेईन. तर म्हणाल्या, “आता काय लिवतं, आता तर डबे भरून हायेत. आखाडात ये. उघडूनच दाखोतो तुले.”

आपली नम्र,
एक सर्वेक्षक आणि शेतकरी
मुर्तिजापूर तालुका, जिल्हा अकोला